रिकाम्या रुळांचे काम : मॉडेल रेल्वेतील मालयार्डाची आखणी

मालयार्ड म्हणजे वाघिणी उभ्या करून ठेवण्याची जागा, हा समज रेल्वेने प्रवास करणाऱ्यांत जितका रूढ आहे तितकाच तो मॉडेल रेल्वेचा छंद जोपासणाऱ्यांतही रूढ आहे, आणि या छंदातील बहुतेक फसलेल्या यार्डांचे मूळ याच समजात सापडते. वस्तुतः यार्ड हे वाघिणींचा क्रम बदलण्याचे साधन असते. एका दिशेने आलेल्या गाडीत चार निरनिराळ्या मुक्कामांच्या वाघिणी एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्या सोडवून, प्रत्येक मुक्कामाच्या वाघिणी एकत्र करून त्यांच्या नव्या गाड्या जुळवणे हे त्याचे काम होय. टपाल कचेरीतील वर्गीकरणाच्या खणांशी त्याची तुलना करता येईल, कारण तेथेही पत्र खणात किती वेळ राहिले यापेक्षा ते योग्य खणातून किती लवकर बाहेर पडले याला महत्त्व असते. ही दृष्टी एकदा स्वीकारली की यार्डात किती रूळ असावेत, ते किती लांब असावेत आणि त्यांपैकी किती रिकामे राहावेत, या प्रश्नांची उत्तरे वेगळी येऊ लागतात.

खऱ्या रेल्वेची ठरावीक प्रमाणात घडवलेली चालती प्रतिकृती म्हणजे मॉडेल रेल्वे, आणि रूळ, स्थानके, डोंगर, कारखाने यांसह टेबलावर किंवा भिंतीलगतच्या फळीवर उभारलेल्या तिच्या संपूर्ण मांडणीला लेआउट म्हणतात. पुण्यातील भाऊ जोशी यांनी उभारलेले मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय पाहिलेल्या मराठी वाचकांना ही कल्पना अपरिचित नाही. या छंदात सर्वांत प्रचलित असलेले प्रमाण 'एचओ' या नावाने ओळखले जाते. त्यात प्रत्येक वस्तू मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी असते आणि दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर राहते. त्याहून लहान असलेल्या 'एन' प्रमाणात वस्तू मूळच्या एकशेसाठाव्या हिश्श्याएवढी असून रुळांतील अंतर ९ मिलिमीटर असते. अमेरिकेत या छंदाला संघटित रूप १९३०च्या दशकात आले. मिलवॉकी शहरातून 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक १९३४ साली सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी मॉडेल रेल्वेवाल्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसन यांनी आपल्या 'डेल्टा लाइन्स' या लेआउटच्या आधारे लेआउट हा रंगमंच आणि गाड्या ही पात्रे असल्याचा विचार मांडला. त्यानंतर जॉन आर्मस्ट्राँग यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात रुळांचा आराखडा हा गाड्या चालवण्याच्या वास्तव पद्धतीतूनच निघाला पाहिजे, हे तपशीलवार दाखवून दिले. मॉडेल यार्डाचा आजचा विचार या परंपरेवर उभा आहे.

यार्डाची गरज का पडते हे समजण्यासाठी १९५०च्या दशकातील अमेरिकी मालवाहतूक डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे आहे. एखादा लहान कारखाना त्या काळी एकच वाघीण भरून पाठवीत असे आणि ती वाघीण अनेक गाड्यांतून, अनेक यार्डांतून मजल दरमजल करीत मुक्कामी पोहोचत असे. भारतातही सुट्या वाघिणींची वाहतूक मोठ्या प्रमाणावर होती तोपर्यंत हेच चित्र होते आणि मुघलसरायसारखी अवाढव्य मार्शलिंग यार्डे त्यासाठीच अहोरात्र राबत होती. १९८०च्या दशकात भारतीय रेल्वेने एका ठिकाणी भरून थेट दुसऱ्या ठिकाणी रिकामा होणारा संपूर्ण रेक चालवण्याचे धोरण स्वीकारल्यावर या यार्डांचे वर्गीकरणाचे काम ओसरत गेले. म्हणून भारतीय रेल्वेची प्रतिकृती करू इच्छिणाऱ्याने यार्डाचा आनंद हवा असल्यास चारचाकी वाघिणींचा, वाफेच्या इंजिनांचा काळ निवडावा हे अधिक योग्य. भारतीय ब्रॉडगेजची १६७६ मिलिमीटरची रुंदी १:८७ या प्रमाणात सुमारे १९ मिलिमीटर भरते, त्यामुळे बाजारात मिळणारा १६.५ मिलिमीटरचा रूळ वापरताना थोडी तडजोड पत्करावी लागते, पण यार्डाच्या तत्त्वांना त्याने काही बाधा येत नाही.

खऱ्या यार्डांचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. हम्प यार्डात वाघिणी एका कृत्रिम उंचवट्यावर ढकलून नेतात, माथ्यावर सोडतात आणि त्या स्वतःच्या वजनाने उतरत आपापल्या रुळावर जातात. फ्लॅट यार्डात म्हणजे सपाट यार्डात मात्र शंटिंगचे इंजिन प्रत्येक वाघीण स्वतः ओढून-ढकलून जागेवर नेते. मॉडेलसाठी सपाट यार्डच बहुतेक वेळा योग्य ठरते, कारण गुरुत्वाकर्षण काही प्रमाणानुसार लहान होत नाही आणि काही ग्रॅम वजनाच्या डब्याचा वेग उतारावर काबूत ठेवणे फार अवघड जाते. जागेचा प्रश्न तर त्याहून कठोर आहे. नेब्रास्का राज्यात नॉर्थ प्लॅट येथे असलेले युनियन पॅसिफिकचे बेली यार्ड जगातील सर्वांत मोठे मानले जाते. त्याची लांबी सुमारे आठ मैल आहे, म्हणजे एचओ प्रमाणातही त्याची हुबेहूब प्रतिकृती जवळजवळ दीडशे मीटर लांब होईल. त्यामुळे मॉडेलकाराला यार्डाची नक्कल करता येत नाही. त्याला यार्डातील कामांची निवड करावी लागते, आणि कोणते काम ठेवायचे व कोणते गाळायचे याचा निर्णय हाच आखणीचा खरा गाभा होय.

ही कामे एका गाडीच्या मागोमाग गेल्यास नीट उलगडतात. समजा, दहा वाघिणींची एक गाडी पूर्वेकडून येत आहे. तिच्यासाठी मुख्य मार्गाला लागूनच एक रिसेप्शन लाइन, म्हणजे आलेली गाडी घेण्याचा रूळ असावा लागतो, आणि तो दोन्ही टोकांनी मुख्य मार्गाला जोडलेला असावा लागतो. गाडी आत शिरली की मुख्य मार्ग मोकळा होतो आणि पुढच्या गाडीला वाट मिळते. आता लांब पल्ल्याच्या इंजिनाला सुटून शेडकडे जायचे असते. गाडीच्या पुढे रुळाचा छोटा तुकडा आणि शेजारच्या रुळावर नेणारा एक सांधा असेल तर ते सुटू शकते. हा एक सांधा वाचवण्याच्या मोहात पडलेल्या आखणीत इंजिन गाडी आणि बंद सिग्नल यांच्यामध्ये अडकून पडते आणि शंटिंगचे इंजिन सगळी गाडी ओढून नेईपर्यंत त्याची सुटका होत नाही. दुसऱ्या टोकाला गार्डची ब्रेकव्हॅन असते. ती आधी काढून तिच्या स्वतंत्र आखूड रुळावर ठेवावी लागते. अमेरिकेत ती ज्या त्या गार्डच्या चमूला नेमून दिलेली असण्याची पद्धत दीर्घकाळ होती, त्यामुळे ती चुकीच्या गाडीला जोडून चालत नसे. त्यानंतरच अल्कोच्या एस-२ सारखे, एक हजार अश्वशक्तीचे शंटिंगचे डिझेल इंजिन मागून येऊन वाघिणी धरते आणि वर्गीकरणाला प्रारंभ होतो.

वर्गीकरणाचे काम ज्या दोन भागांवर अवलंबून असते त्यांपैकी पहिला, आणि मॉडेलमध्ये सर्वाधिक उपेक्षित राहणारा भाग म्हणजे शंटिंग नेक. वर्गीकरणाच्या रुळांच्या तोंडाशी असलेल्या, इंजिनाला वाघिणींची माळ घेऊन मागेपुढे करता यावे यासाठी राखलेल्या एकट्या रुळाला शंटिंग नेक म्हणतात. माळ ओढून नेकवर घ्यायची, सांधा फिरवायचा, ढकलून एक वाघीण एका रुळावर सोडायची, पुन्हा मागे यायचे, दुसरा सांधा फिरवायचा, असा हा क्रम दिवसभर चालतो. नेक आखूड असेल तर दहा वाघिणींची गाडी तीन-चार तुकड्यांत ओढावी लागते आणि काम तितक्याच पटींनी वाढते. नेकच नसेल आणि त्याचे काम मुख्य मार्गावरूनच करावे लागत असेल, तर प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीसाठी शंटिंग थांबवावे लागते आणि प्रत्येक शंटिंगसाठी गाडी थांबवावी लागते. अशा लेआउटवर चारजण एकत्र काम करू लागले की दोघे उभे राहतात. एचओ प्रमाणात चाळीस फुटी वाघीण कपलिंगसह सुमारे साडेपंधरा सेंटिमीटर भरते, म्हणजे दहा वाघिणी, इंजिन आणि ब्रेकव्हॅन मिळून गाडी सुमारे एकशे नव्वद सेंटिमीटर होते. तेव्हा नेकही साधारण तेवढाच लांब असावा, आणि खोलीत सरळ जागा नसेल तर तो कोपऱ्यावरून वळवून घ्यावा, कारण नेकवर वाघिणी सोडायच्या नसतात आणि वळणाने तेथे फारसे बिघडत नाही. वर्गीकरणाचा एक रूळ कमी करून नेक वाढवावा, असा सल्ला या विषयात निःशंकपणे देता येतो.

दुसरा भाग म्हणजे लॅडर, अर्थात एकामागून एक सांध्यांची ती तिरपी ओळ, जिच्यातून वर्गीकरणाचे रूळ फुटतात. येथे गणित कठोर आहे. सांधा किती तीव्रतेने फाटतो हे क्रमांकाने सांगतात. सहा क्रमांकाच्या म्हणजे एकास सहा सांध्यात सहा एकके पुढे गेल्यावर रूळ एक एकक बाजूला सरतो. दोन समांतर रुळांच्या मध्यरेषांत एचओमध्ये साधारण पाच सेंटिमीटर अंतर ठेवतात, तेव्हा अशा लॅडरवर प्रत्येक नवा रूळ आधीच्या रुळापेक्षा तीस सेंटिमीटर पुढे सुरू होतो. पाच रुळांसाठी चार सांधे लागतात आणि सुरुवातीचा सांधा व शेवटच्या सांध्यानंतरची निरुपयोगी लांबी धरून लॅडर एकूण सव्वा मीटरहून अधिक जागा खातो. त्यातही रुळाची उपयुक्त लांबी सांध्यापासून मोजता येत नाही. ती फाउलिंग मार्कपासून, म्हणजे ज्या खुणेच्या अलीकडे उभी राहिलेली वाघीण शेजारच्या रुळावरील गाडीला घासेल त्या खुणेपासून, मोजावी लागते. कागदावर सात वाघिणी मावणाऱ्या रुळावर प्रत्यक्षात पाचच का मावतात, याचे उत्तर बहुधा येथे असते. एकास चार सांधा वापरला तर दर रुळामागे दहा सेंटिमीटर वाचतात, पण लांब डबे आणि सहा आसांची इंजिने अशा सांध्यांवर ढकलताना घसरण्याची शक्यता वाढते, आणि यार्डात ढकलणे हेच तर मुख्य काम असते. आखूड वाघिणी व लहान इंजिनांच्या काळासाठी एकास पाच सांधा ही समंजस तडजोड ठरते.

याच गणितातून वर्गीकरणाचे रूळ दोन्ही टोकांनी उघडे असावेत की एका टोकाला बंद, या जुन्या वादाचा निकाल लागतो. खऱ्या मोठ्या यार्डांत ते दोन्ही टोकांनी उघडे असतात, एका टोकाला गाड्या फोडतात आणि दुसऱ्या टोकाला जुळवतात. साडेचार मीटर लांब फळीवर मात्र दुसऱ्या लॅडरची किंमत सव्वा मीटरहून अधिक पडते आणि त्या बदल्यात जे मिळते त्याचा उपयोग करायला बहुधा दुसरे शंटिंग इंजिनही नसते आणि दुसरा चालकही नसतो. रिसेप्शन आणि डिपार्चर लाइन, म्हणजे गाडी घेण्याचे आणि सोडण्याचे रूळ, दोन्ही टोकांनी उघडे असणे अपरिहार्य आहे. वर्गीकरणाचे रूळ घरगुती लेआउटवर एका टोकाला बंदच असलेले बरे.

रुळांची संख्या वाघिणींच्या संख्येवरून ठरवू नये, ती मुक्कामांच्या गटांवरून ठरवावी. पूर्वेकडची, पश्चिमेकडची, शाखामार्गाची आणि त्याच गावातील कारखान्यांची अशा चार प्रकारच्या वाघिणी येत असतील तर चार रूळ आणि मधल्या उचलठेवीसाठी एक, एवढे पुरेसे होतात, आणि क्वचित येणारे मुक्काम एका रुळावर एकत्र राहू शकतात. सर्वाधिक वाघिणींच्या मुक्कामाला सर्वांत लांब रूळ द्यावा. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की गाड्या चालवण्याच्या सत्राच्या प्रारंभी यार्ड भरलेले असता कामा नये. अनुभवी मंडळींचा ढोबळ नियम असा की रुळांची क्षमता निम्म्यापासून दोनतृतीयांशांपर्यंत भरली की काम मंदावू लागते आणि त्यापुढे ते जवळजवळ थांबते, कारण एक वाघीण बाहेर काढण्यासाठी तिच्यापुढच्या वाघिणी कोठेतरी ठेवाव्या लागतात आणि ते 'कोठेतरी' शिल्लक राहिलेले नसते. विकत घेतलेल्या साऱ्या वाघिणी दिसाव्यात ही इच्छा स्वाभाविक आहे, पण तिच्यासाठी कपाट, किंवा देखाव्यामागे दडवलेले आणि जगाच्या उर्वरित भागाचे प्रतिनिधित्व करणारे 'स्टेजिंग' यार्ड, ही योग्य जागा आहे.

मुख्य रुळांभोवतीचे पूरक रूळ यार्डाला जिवंतपणा देतात आणि त्यांतला प्रत्येक स्वतःचे काम घेऊन येतो. नादुरुस्त वाघिणींसाठी असलेली सिक लाइन एक-दोन वाघिणींची असली तरी चालते. फळे नेणाऱ्या शीतवाघिणींच्या दोन्ही टोकांच्या खणांत वाटेत पुन्हा पुन्हा बर्फ भरावा लागे, त्यामुळे बर्फाच्या फलाटाजवळचा रूळ असेल तर आलेल्या गाडीतून या वाघिणी सर्वांआधी निवडून तेथे न्याव्या लागतात आणि पुन्हा आणाव्या लागतात. गुरांच्या वाघिणींची घाई तर कायद्यानेच ठरवून दिली होती. अमेरिकेतील १९०६च्या कायद्यानुसार जनावरांना सलग २८ तासांपेक्षा अधिक वेळ, आणि मालकाच्या लेखी विनंतीने ३६ तासांपेक्षा अधिक वेळ, न उतरवता, चारापाणी व विश्रांती न देता नेता येत नसे. यार्डाशेजारी गुरांचा कोंडवाडा आणि त्याच्या धक्क्याला लागून एक आखूड रूळ एवढी साधी भर घातली की साध्या वर्गीकरणात वेळेचे बंधन आणि अग्रक्रमाचा विचार येतो. सजावटीच्या इमारतींपेक्षा असा एखादा रूळ लेआउटला कितीतरी अधिक अर्थ देतो.

बांधणीच्या बाबतीत काही पथ्ये टाळता येत नाहीत. यार्ड पाणसळीने तपासून पूर्ण सपाट ठेवावे लागते, कारण चांगल्या चाकांची वाघीण अगदी थोड्या उतारावरही आपोआप चालू लागते. वाघिणीचे वजन फार कमी असेल तर ती ढकलताना घसरते, म्हणून अमेरिकी संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ वाघिणीला एक औंस आणि तिच्या लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस वजन असावे, म्हणजे चाळीस फुटी वाघीण सुमारे ११० ग्रॅम भरावी. कपलिंग हाताने, बारीक काडी वरून घालून सोडवायचे असेल तर सर्वांत दूरचा रूळ फळीच्या काठापासून पाऊण मीटरहून लांब नसावा. त्यापलीकडे हात नेताना अलीकडच्या वाघिणी आडव्या होतात. यार्डासमोर उंच इमारती उभारण्याचा मोहही याच कारणासाठी आवरावा लागतो. विजेच्या बाबतीत पूर्वी प्रत्येक रूळ स्वतंत्र तुकड्यात तोडून त्याला बटण द्यावे लागे. १९९०च्या दशकात प्रमाणित झालेल्या, रुळांतून सांकेतिक आज्ञा पाठवणाऱ्या डिजिटल पद्धतीने शेजारी-शेजारी उभी असलेली दोन इंजिने स्वतंत्रपणे चालवणे सोपे केले आणि यार्डातील तारांचे जंजाळ बरेच कमी झाले.

कोणती वाघीण कोठे जायची हे ठरवणारी व्यवस्था नसेल तर इतक्या काळजीने आखलेल्या यार्डाला कामच उरत नाही. त्यासाठी प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड करतात आणि त्याच्या खिशात तिचा मुक्काम लिहिलेली पावती ठेवतात. पावतीच्या चार बाजूंवर चार प्रवास लिहिलेले असतात आणि दर मुक्कामानंतर ती फिरवली जाते. फळीच्या पुढच्या पट्टीवर प्रत्येक रुळाच्या नावाची एक पेटी असते, वाघीण ज्या रुळावर जाईल त्या पेटीत तिचे कार्ड जाते आणि यार्डमास्तरला रुळांकडे न पाहताही गाडी जुळवता येते.

ज्या घरात साडेचार मीटरची भिंत नाही तेथेही हा विचार तपासता येतो, आणि त्यासाठी ब्रिटिश मॉडेलकार अ‍ॅलन राइट यांच्या 'इंगलनूक सायडिंग्ज' या लहानशा आराखड्याइतके उत्तम साधन नाही. त्यात केवळ दोन सांधे आणि तीन रूळ असतात. एका रुळावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर प्रत्येकी तीन, आणि नेकवर इंजिनासह तीन. आठ वाघिणींपैकी चिठ्ठ्या टाकून निघालेल्या पाच, निघालेल्या क्रमानेच लांब रुळावर उभ्या करायच्या, आणि असे वेगवेगळे ६७२० क्रम संभवतात. तीन रुळांवर अकरा वाघिणींची जागा असताना त्यात आठच ठेवलेल्या असतात. अकरा ठेवल्या तर इंजिन कोणत्याही रुळावरून तीन वाघिणी ओढू शकते, पण त्या परत ठेवायला तोच एक रूळ मोकळा असतो आणि क्रम कधीच बदलत नाही. एचओ प्रमाणात हे सारे दोन मीटरच्या आत आणि एन प्रमाणात सुमारे एक मीटरमध्ये बसते. मोठ्या यार्डाची इच्छा असणाऱ्या वाचकाने आधी हे करून पाहावे. त्यानंतर खिळा ठोकण्यापूर्वी आपल्या आराखड्याचे सांधे व रूळ पूर्ण आकारात कागदावर काढून फळीवर पसरावेत, त्यांवर खऱ्या वाघिणी ठेवाव्यात आणि एक गाडी येण्यापासून दुसरी सुटण्यापर्यंतचे सगळे शंटिंग हाताने करून पाहावे. ज्या ठिकाणी हात अडेल त्या ठिकाणचा आराखडा त्याच वेळी बदलावा.